आईबाबांचे पासवर्ड मुलांनी ताब्यात घ्यावेत का?

नाशिककर:
मागच्या महिन्यात बाबांचं व्हॉट्सॅप हॅक झालं. जुन्या मित्राच्या नंबरवरून लग्नाची पत्रिका आली, उघडायला गेले तर ती एपीके फाईल (म्हणजे फोनमध्ये ॲप टाकायची फाईल), इन्स्टॉल करा म्हणे, मग एसएमएस वाचायची परमिशन मागितली, बाबांनी सगळ्याला हो केलं. थोड्या वेळात व्हॉट्सॅप लॉगआऊट, आणि बाबांच्या नंबरवरून तीच पत्रिका शाळेच्या ग्रुपवर, पाठोपाठ "अर्जंट ४० हजार पाठव, संध्याकाळी देतो". एका काकांनी पाठवले पण. मी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकलं, नंबर परत रजिस्टर केला, चोर बाहेर गेला पण त्याने आधीच टू-स्टेप पिन (व्हॉट्सॅपचा जादा पासवर्ड) लावून ठेवलेला, तो आम्हाला माहीत नाही, त्यामुळे सात दिवस थांबावं लागलं. त्यानंतर मी बाबांचे नेटबँकिंगचे, मेलचे सगळे पासवर्ड बदलून माझ्याकडे ठेवले, यूपीआय काढून टाकलं. तेव्हापासून ते माझ्याशी नीट बोलत नाहीत. तरी माझं मत हेच की साठीनंतर हे मुलांनीच सांभाळावं.

पेन्शनर:
मी ७१ वर्षांचा, बँकेतून रिटायर झालोय. तुमची काळजी कळते पण केलंत ते चूक आहे. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक बघा, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशी फसवणूक असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही, पण पासवर्ड दुसऱ्याला दिलेला निघाला तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. तिथे मुलगा की परका हे कोण बघतंय? शिवाय उद्या तुमचा फोन गेला तर बापलेक दोघांची खाती एकदम उघडी. आणि बाबांनी दहा रुपयांची कोथिंबीर घ्यायची तर तुम्हाला फोन करायचा का?

अभ्या_कोल्हापूर:
काका नियम बरोबर, पण माझ्या मावशीला "डिजिटल अरेस्ट"वाल्यांनी (पोलीस बोलतोय, तुम्हाला फोनवरच अटक केलीय म्हणणारे चोर) दिवसभर व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवलं होतं हो, खोलीतून बाहेर येऊ देईनात, असली अटक कायद्यातच नाही हे तिला सांगणार कोण. एफडी मोडायला निघाली होती. यूपीआय बंद असल्याचा राग परवडला, आयुष्यभराची पुंजी जाणं नाही परवडत. नाशिककरांच्या बाजूने मी.

शेवंता:
वयाचं काय घेऊन बसलात, मी २९ ची आहे आणि मीपण फसले. कुरियरवाला बोलतोय म्हणून फोन आला, पार्सल अडकलंय, *४०१* लावून हा नंबर डायल करा. केला. म्हणजे माझे सगळे कॉल त्याच्याकडे फॉरवर्ड, व्हॉट्सॅपचा कोड त्याने कॉलवर घेतला. (आता ##००२# डायल करून सगळं फॉरवर्डिंग काढायचं हे पाठ झालंय.) दोन दिवस घरी सांगितलं नाही कारण बाबा ओरडतील. त्या दोन दिवसांत मैत्रिणीचे पैसे गेले, १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन केला तोवर ते पुढच्या खात्यांतून निघून गेले होते. लगेच केला असता तर मधेच गोठवता आले असते. माझा मुद्दा एवढाच, पासवर्ड काढून घेतलेत तर पुढच्या वेळी बाबा तुमच्यापासून लपवतील.

नाशिककर:
परिपत्रकाचं मला माहीत नव्हतं, ते आजच बघतो. पण शेवंता, तू दुसऱ्यांदा फसणार नाहीस, बाबांचं मला तसं वाटत नाही. त्यांच्या फोनमधलं अनोळखी ॲप इन्स्टॉल करायचं सेटिंग बंद केलंय, व्हॉट्सॅपला पिन लावलाय. पेन्शनचं खातं मात्र माझ्याकडेच राहू दे वाटतं.

पेन्शनर:
पेन्शन त्याच खात्यात ठेवा, यूपीआयला वेगळं खातं काढा, त्यात महिन्याला चार-पाच हजार. गेले तर तेवढेच. आणि एक विचारायचं राहिलं, ज्या मित्राने ४० हजार पाठवले त्यांचं काय झालं?

नाशिककर:
त्यांनी १९३० वर तक्रार केली, अजून काही परत आलेलं नाही. बाबा म्हणतात माझ्या नावावर विश्वास ठेवून दिले, मी माझ्या पेन्शनमधून भरून देणार. मी नाही म्हटलं, चोरी आपण केली नाही. खरं भांडण त्यावरूनच आहे.

शेवंता:
म्हणजे पैसे त्यांचे, मित्र त्यांचा आणि पासवर्ड तुमच्याकडे.

नाशिककर:
हो. आज संध्याकाळी बसून त्यांच्याच हाताने नवीन पासवर्ड टाकायला सांगतो. मी बघणार नाही.