डार्कसाइडचा पहिलवान का केला?

रात्रपाळी:
सुपरमॅनची १९९६ ते २००० मधली अ‍ॅनिमेटेड मालिका पुन्हा पाहून संपवली आणि लगोलग 'जस्टिस लीग' व 'जस्टिस लीग अनलिमिटेड'ही पाहिल्या. माझं ठाम मत: पहिल्या मालिकेतला डार्कसाइड, म्हणजे अपोकलिप्स ग्रहाचा क्रूर हुकूमशहा, तोच खरा, पुढे त्याचा नुसता पहिलवान करून टाकला.

'अपोकलिप्स नाऊ' (१९९८) या जोडभागाचा शेवट आठवा. अपोकलिप्सचा वैरी ग्रह न्यू जेनेसिस, तिथले लोक पृथ्वीच्या पाठीशी उभे राहतात, डार्कसाइडला माघार घ्यावी लागते. लोक जल्लोष करतायत. तो जाता जाता थांबतो, डोळ्यांतून ओमेगा किरण सुटतात आणि डॅन टर्पिन हा साधा पोलीस जागच्या जागी नाहीसा होतो. आरडाओरडा नाही, घाई नाही. मायकेल आयर्नसाइडचा तो संथ, जड आवाज ऐकला की आजही अंगावर काटा येतो. सुपरमॅन मागे उरलेल्या रणगाड्यावर मुठी आपटत राहतो, कारण ज्याला मारायचं तो निघून गेलेला असतो. हे पाहिल्यावर 'अनलिमिटेड'च्या 'डिस्ट्रॉयर' या शेवटच्या भागातली (२००६) इमारती फोडत चाललेली हाणामारी फारच किरकोळ वाटते.

अनुस्वार:
साफ असहमत. हाणामारी तर तुमच्या लाडक्या मालिकेच्या शेवटीही आहेच. 'लेगसी'मध्ये (२०००) सुपरमॅन डार्कसाइडला बदडून त्याच्याच गुलामांपुढे फेकतो, तुम्ही मुक्त आहात म्हणतो. आणि ते गुलाम काय करतात? त्याला हळुवार उचलून आत नेतात. इथे मी देव आहे, असं तो म्हणतो तेव्हा ती बढाई वाटतच नाही, समोर दिसतंय ते खरंच आहे.

'डिस्ट्रॉयर'चं म्हणाल, तर सुपरमॅन जन्मभर हात आखडता घेऊन जगलाय, जरा जोर लागला तर कुणीतरी मरेल या धास्तीने. पूर्ण ताकदीचा घाव सोसणारा कुणीतरी समोर हवा, तरच त्याचं हे दुःख बाहेर येतं. ते काम डार्कसाइडच करू शकतो.

रात्रपाळी:
'लेगसी'चं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे हो! मार खाऊनही तो हरत नाही, कारण त्याची सत्ता मुठीत नाहीच, त्या गुलामांच्या डोक्यात आहे. पुढे लेखक हे विसरले.

तिखटमीठ:
एक गोष्ट कुणीच काढली नाही. डार्कसाइड १९७० साली जॅक कर्बीने घडवला. कर्बी न्यूयॉर्कचा ज्यू, दुसऱ्या महायुद्धात युरोपात पायदळात लढलेला. १९९४ मध्ये तो गेला. या मालिकेतल्या टर्पिनचा चेहरा कर्बीवरून घेतलाय, तो जोडभाग त्यालाच अर्पण केलाय आणि टर्पिनच्या दफनाच्या वेळी ज्यूंची कद्दिश प्रार्थना होते. म्हणजे हुकूमशहांविरुद्ध लढलेल्या माणसाचा चेहरा तिथे हुकूमशहा पुसतो. मला तो प्रसंग एका दमात पाहवत नाही.

पण 'पुढे बिघडला' हे मलाही पटत नाही. 'जस्टिस लीग'मधला 'ट्वायलाइट' (२००३) पाहा. ब्रेनिअ‍ॅक या यंत्रबुद्धीच्या शत्रूविरुद्ध मदत हवी म्हणून डार्कसाइड स्वतः लीगकडे, म्हणजे सुपरमॅन-बॅटमॅनच्या संघाकडे येतो. सुपरमॅन रागाने इतका पेटलेला असतो की त्याचं भान सुटतं, बॅटमॅनला त्याला सुनवावं लागतं. बोटही न उचलता डार्कसाइडने त्याला बदलून टाकलंय.

रात्रपाळी:
'ट्वायलाइट'चा मुद्दा मान्य, मी तो भाग घाईत पाहिला होता. कर्बीबद्दल लिहिलंत ते वाचून टर्पिनचा प्रसंग परत लावला, आणि या वेळी नजर लोकांच्या चेहऱ्यांवरच राहिली.

अनुस्वार:
मग 'डिस्ट्रॉयर'लाही न्याय द्या. तिथेही तो ठोशांनी हरत नाही. सुपरमॅनला वेदनेने खिळवून, चाकू काढून तो त्याचं काळीज काढायला निघतो. सुपरमॅनचा जुना वैरी लूथर अँटी-लाइफ समीकरण, म्हणजे डार्कसाइड ज्याच्या शोधात असतो तेच, घेऊन येतो म्हणून थांबतो.

रात्रपाळी:
तो चाकूच मला खुपतो. टर्पिनला संपवताना त्याला हातसुद्धा हलवावा लागला नव्हता.