२१ इंची ट्यूबचा टीव्ही दुरुस्त करावा की ३२ इंची एलईडी घ्यावा?

सांजवात:
गावच्या घरी २१ इंची, सपाट काचेचा पिक्चर ट्यूबवाला टीव्ही आहे. त्याच्या दोन तक्रारी आहेत. चालू केल्यावर पहिली पाच-सात मिनिटं चित्र नीट दिसत नाही, मग हळूहळू ठीक होतं. शिवाय उजव्या वरच्या कोपऱ्यात हिरवट डाग आहे, तो कायमच असतो. मेकॅनिक म्हणतो, ईएचटी (ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणारा ट्रान्सफॉर्मर) बदलावा लागेल, १,८०० रुपये होतील. घरातले बाकीचे म्हणतात, एवढे घालवण्यापेक्षा ३२ इंची एलईडी घेऊन टाका.

बघणारे दोघं, वय सत्तरीच्या पुढे. बातम्या आणि संध्याकाळच्या मालिका, दिवसाला पाच-सहा तास. बसायची जागा टीव्हीपासून साधारण आठ फुटांवर. केबलचा साधा एसडी (एचडी नसलेला) बॉक्स आहे, पिवळ्या-पांढऱ्या-लाल अशा तीन पिनांच्या वायरने जोडलेला. घरात एक व्हीसीआर आणि लग्नाच्या कॅसेट आहेत, आणि मुलांचा जुना बंदूकवाला व्हिडिओ गेमही. नवा टीव्ही घेतला तर या गोष्टी त्यावर चालतील का? वीजबिलात किती फरक पडेल?

सोल्डरगन:
ईएचटी बदलायला अजून हो म्हणू नका. आधी एक सांगा. पहिल्या पाच मिनिटांत चित्र अंधुक असतं की धूसर? हे दोन शब्द ऐकायला सारखे वाटतात, पण दोष अगदी वेगळे.

अंधुक म्हणजे उजेडच कमी. पांढरा शर्ट राखाडी दिसतो, चेहऱ्याचे उजळ भाग चंदेरी होऊन बाजूला ओघळल्यासारखे दिसतात, एखादा रंग मागे पडतो. हे असेल तर ट्यूबच्या गनमधले कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारे भाग) थकलेत. त्यावर मेकॅनिक दोन उपाय करतात. एक म्हणजे स्क्रीनचा प्रीसेट (आतला फिरवायचा स्क्रू) वाढवणं, त्याने काळा भाग राखाडी होतो आणि चित्रावर तिरप्या पांढऱ्या रेघा येतात. दुसरा, लाईन ट्रान्सफॉर्मरच्या, म्हणजे ईएचटीच्याच, गाभ्यावर तारेचा आणखी एक वेढा घालून फिलामेंटला (कॅथोड तापवणाऱ्या तारेला) जास्त व्होल्टेज देणं. त्याने चित्र उजळतं, पण काही महिनेच. अशा सेटवर पैसे घालू नका.

धूसर म्हणजे उजेड पुरेसा, पण अक्षरं पसरलेली, बातम्यांची खालची पट्टी वाचता येत नाही आणि मग हळूहळू धार येते. हे असेल तर ट्यूब बहुधा चांगली आहे.

सांजवात:
आत्ताच फोन करून विचारलं. उजेड व्यवस्थित आहे, अक्षरं वाचता येत नाहीत. आणि पावसाळ्यात हे जास्त होतं, उन्हाळ्यात जवळजवळ नाहीच.

सोल्डरगन:
मग ईएचटीच्या आधी ट्यूबचा बेस सॉकेट बघायचा. ट्यूबच्या मानेवर मागे एक छोटं पीसीबी (सर्किटची पाटी) बसवलेलं असतं, त्यावरचा गोल सॉकेट. फोकसचे सहा-सात हजार व्होल्ट तिथूनच आत जातात. सॉकेटमध्ये फोकसच्या पिनेभोवती एक बंद कप्पा असतो, त्यात ओल आणि धूळ बसली की हिरवट गंज चढतो आणि व्होल्टेज गळायला लागतं. सेट तापला की ओल उडते, गळती थांबते, चित्राला धार येते. पावसाळ्यात वाढणं ही याचीच खूण. सॉकेट शंभर रुपयांच्या आसपास मिळतो, पण पिनांची संख्या आणि मानेची जाडी जुळवूनच घ्यावा लागतो, म्हणून जुना काढून सोबत न्यायचा.

ईएचटीच्या आतला फोकसचा भाग बिघडला तरीही धूसरपणा येतो. पण मग फोकसचा प्रीसेट फिरवूनही धार टिकत नाही, दर दोन-चार दिवसांनी पुन्हा फिरवावा लागतो. सॉकेट बदलूनही तसं झालं, तरच ईएचटीचा खर्च करा.

हिरवट डागासाठी आधी काहीच विकत आणू नका. काचेच्या मागच्या जाळीत चुंबकत्व साठलंय. ते काढायला ट्यूबभोवती एक कॉइल असते आणि तिला काही क्षण करंट देणारी पीटीसी (तापली की करंट अडवणारा छोटा भाग). बऱ्याच साध्या सेटमध्ये ती मेन बटणानंतर थेट लाईनवर असते. टीव्ही फक्त रिमोटने बंद केला तर पीटीसी गरमच राहते आणि कॉइल कधी कामच करत नाही. म्हणून टीव्ही मेन बटणानेच बंद करा, अर्धा तास थांबा, मग चालू करा. ‘धुम्’ असा बारीक आवाज येतो का ते ऐका. दिवसातून तीन-चार वेळा असं दोन दिवस करा. जवळ स्पीकर किंवा इन्व्हर्टर असेल तर तीन फूट लांब सरकवा.

धुम् आवाज येतच नसेल तर पीटीसी काढून हलवून बघायची. आत खडखडलं तर तिच्यातली सिरॅमिकची चकती तडकलीय. चांगली पीटीसी थंड असताना साधारण १८ ओहम दाखवते.

एक ताकीद. मागचं झाकण घरात कुणीही उघडू नये. ट्यूबच्या रबरी टोपीखाली २४-२५ हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ट्यूब ते धरून ठेवते. मेकॅनिकसुद्धा आधी ट्यूबच्या मागच्या काळ्या लेपावर टेकलेल्या उघड्या तारेच्या वेणीला वायर जोडतो, तिचं दुसरं टोक स्क्रूड्रायव्हरला, आणि मग तो टोपीखाली सरकवतो. दोनदा, कारण पहिल्या वेळी सगळा चार्ज जात नाही. मानेला धक्का लागू द्यायचा नाही. तिथे काच सगळ्यात पातळ असते.

पंचकोन:
दुरुस्तीचं वर आलंच आहे, मी नव्या टीव्हीचं सांगतो. आधी आकार. एसडी चॅनलचं चित्र अजूनही कधी कधी ४:३ (जुन्या टीव्हीसारखं, कमी रुंद) असतं. ३२ इंची रुंद पडद्याची उंची १५.७ इंच, म्हणजे ४:३ चित्र त्यात कर्णाने २६ इंच बसतं. तुमच्या २१ इंचीचा दिसणारा कर्ण २० इंच आहे, तेव्हा फायदा नक्की. पण कुणी स्वस्तात पडतो म्हणून २४ इंची सुचवला तर नको म्हणा. त्यात ४:३ चित्र १९.६ इंचच येतं, म्हणजे आहे त्यापेक्षा बारीक.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुना बॉक्स जुन्याच तीन पिनांच्या वायरने नव्या टीव्हीला लावला तर चित्र पहिल्यापेक्षा वाईट दिसेल, आणि घरात सगळे म्हणतील की टीव्ही खराब निघाला. कारण असं. एसडी चित्रात ५७६ ओळी असतात. ट्यूबवर इलेक्ट्रॉनचा ठिपका मऊ असतो, ओळी एकमेकींत मिसळतात, सिग्नल दाबून पाठवल्याने चित्रात पडणारे चौकोन लपतात. ३२ इंची एचडी-रेडी पडद्याला ७६८ ओळी आहेत, म्हणजे दर तीन ओळींच्या चार करायच्या. चौथी ओळ टीव्ही अंदाजाने भरतो आणि चौकोन ठळक होतात. म्हणून टीव्हीसोबतच केबलवाल्याकडून एचडी बॉक्स घ्या आणि तो एचडीएमआयनेच जोडा. चॅनल एसडी पॅकचे असले तरी चालेल, निदान रंग पिवळ्या पिनेतून पिळून येणार नाहीत. मग टीव्हीचा शार्पनेस १०० पैकी १०-२० वर आणा. आल्यावर तो बहुतेक पन्नासवर असतो, आणि चेहऱ्यांभोवती पांढरी कड त्यानेच दिसते.

पॅनल दोन जातींचे असतात. व्हीएमध्ये काळा रंग गडद, पण बाजूने बघितलं तर चित्र फिकं. आयपीएसमध्ये काळा थोडा राखाडी, पण दिवाणावरून, खाली सतरंजीवरून, कुठूनही रंग तोच. दोघं वेगवेगळ्या जागी बसत असतील तर आयपीएस बघा. दुकानात एका बाजूला चार पावलं सरकून बघितलं की कळतं. ‘ए-प्लस पॅनल’ या शब्दाला काही अर्थ नाही, त्यावर पैसे वाढवू नका. स्मार्ट टीव्ही असेल तर रॅम किमान १.५ जीबी हवी. ५१२ एमबीवाले दीड-दोन वर्षांत रिमोटचं बटण दाबल्यावर विचार करत बसतात.

सत्तरीच्या माणसांसाठी दोन गोष्टी पहिल्याच दिवशी करून द्या. चालू होताच टीव्ही अ‍ॅपच्या पानावर न जाता थेट सेट-टॉप बॉक्सवर जाईल असं सेटिंग बहुतेकांत असतं, ते लावा. आणि आवाज. ट्यूबच्या टीव्हीत समोर तोंड असलेले दांडगे स्पीकर होते, सपाट टीव्हीचे स्पीकर जमिनीकडे बघतात. आवाज वाढवला तरी शब्द कळत नाहीत अशी तक्रार येणारच. साउंड मोड ‘स्पीच’ किंवा ‘न्यूज’ ठेवा. तरी भागलं नाही तर साधा साउंडबार.

वीजबिल बघून निर्णय घेऊ नका. २१ इंची ट्यूब साधारण ७५ वॅट, ३२ इंची एलईडी ४५ च्या आसपास. ३० वॅटचा फरक, सहा तास, तीस दिवस: महिन्याला ५.४ युनिट.

सोल्डरगन:
वरच्याशी सहमत. एलईडी काय केल्याने लवकर मरतात तेवढं जोडतो.

पडद्यामागे एलईडीच्या पट्ट्या असतात, त्यातले दिवे एकामागे एक, माळेसारखे. एक गेला की बहुतेक सेटमध्ये सगळा उजेड जातो. आवाज येतोय, पडदा काळा, अशा वेळी अंधारात टॉर्च तिरका धरून बघा. पुसटसं चित्र हलताना दिसलं तर पॅनल ठीक आहे, पट्ट्या गेल्यात. त्या बदलता येतात. मात्र सगळ्याच बदलून घ्या, एकच दिवा बदलला तर शेजारचा तीन महिन्यांत जातो. हा दोष लांबवायचा तर पहिल्या दिवसापासून बॅकलाईट १०० वरून ६०-७० वर आणा. ब्राइटनेस नव्हे, बॅकलाईट. दोन्ही वेगळी सेटिंग आहेत.

दुसरं कारण म्हणजे पुसण्याची सवय. ट्यूबची काच आपण स्प्रे मारून पुसायचो, तिला काही होत नव्हतं. सपाट पडद्यावर मारलेला स्प्रे ओघळून खालच्या पट्टीत शिरतो. तिथेच पॅनलला चिकटवलेल्या बारीक फिती आणि आयसी असतात. मग उभ्या रंगीत रेघा येतात आणि त्यावर परवडणारा इलाज नसतो. मऊ कापड पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं, टीव्ही बंद करून पुसायचं, बस.

तिसरं, एचडीएमआय पोर्ट जळणं. घराच्या सॉकेटला अर्थिंग नसेल तर केबलच्या जाड वायरच्या जाळीवर व्होल्टेज चढतं आणि ते बॉक्समधून टीव्हीत उतरतं. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या, पाचच्या वर असेल तर आधी अर्थिंग. वीज कडाडत असताना प्लग काढता तसा केबलचा स्क्रूही काढायचा.

फीत_आणि_रीळ:
कॅसेट आणि गेमचं कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

बंदूकवाला गेम सपाट टीव्हीवर चालणार नाही, कितीही महाग घेतला तरी. ट्रिगर दाबल्यावर गेम एक फ्रेम पूर्ण काळी करतो आणि पुढच्या फ्रेमला फक्त निशाणाच्या (म्हणजे बदकाच्या) जागी पांढरा चौकोन काढतो. बंदुकीतला सेन्सर त्याच क्षणी तो उजेड शोधतो. ट्यूबवर चित्र सिग्नलसोबतच उमटतं. सपाट टीव्ही आधी चित्र साठवतो, मोठं करतो, मग दाखवतो. चौकोन येईपर्यंत गेमने ‘नेम चुकला’ ठरवलेलं असतं. बाकीचे गेम चालतील, टीव्हीत ‘गेम मोड’ लावा म्हणजे बटणाचा उशीर कमी होईल.

लग्नाच्या कॅसेटची गोष्ट जास्त नाजूक आहे. जुन्या फितीचा सिग्नल डगमगतो. ट्यूब ते सांभाळून घेते, वरची कड जराशी वाकते इतकंच. सपाट टीव्हीला ओळींची वेळ चुकलेली चालत नाही. तो मध्येच निळा पडदा लावून ‘नो सिग्नल’ दाखवतो आणि लोकांना वाटतं फीत गेली. म्हणून जुना टीव्ही दुरुस्त झाला की तो या कॅसेट नीट बघून, कुठली चांगली आहे ते ठरवायला ठेवा. मग चांगल्या कॅसेट संगणकावर उतरवून घ्या: ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, पॅल (आपल्याकडची टीव्ही पद्धत). फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडला (फीत वाचणाऱ्या भागाला) चिकटते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते.

सांजवात:
ठरलं तर. सॉकेट बदलून घेतो, हा सेट माडीवर व्हीसीआरसोबत राहील. खाली ३२ इंची आयपीएस आणि एचडी बॉक्स. एकच विचारतो, नव्या टीव्हीला पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांच्या जागाच नाहीत म्हणे?

पंचकोन:
बऱ्याच मॉडेलना आता हेडफोनसारखं एकच एव्ही भोक असतं, त्याला ३.५ मिमीची चार कड्यांची वायर लागते. ती टीव्हीसोबत आली असेल तर तीच वापरा. बाजारातल्या वायरी दिसायला सारख्या, पण आतली जोडणी वेगळी. चित्राऐवजी घरघर आली तर पिवळी पिन सोडून लाल पिन लावून बघा, काही वायरींत त्यांची अदलाबदल असते. तरी जमलं नाही तर ग्राउंड वेगळ्या कडीवर आहे. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवा. तिन्ही पिनांची बाहेरची पत्र्याची टोपी कोणत्या कडीशी जुळते ते बघा आणि टीव्हीच्या पुस्तिकेतल्या आकृतीशी ताडून त्याच जोडणीची वायर घ्या.