रिटायरमेंटनंतरची भटकंती, रोजचं चालणं आणि घरातलं जनावर: तुमचे अनुभव लिहा

आम्ही दोघं रिटायर्ड, हे बँकेतून आणि मी शाळेतून. घरात तिसरी चिकू. गावठी कुत्री आहे, पिल्लू असताना सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडली आणि राहिली ती राहिलीच, आता तोंडावर पांढरे केस आलेत. रोज पहाटे तिघं पुण्यातल्या तळजाई टेकडीवर जातो, आणि खरं सांगायचं तर चिकू नसती तर आमचं चालणं कधीच बंद पडलं असतं. थंडीत पांघरुणातून निघायचा कंटाळा येतो, पण ती पट्टा तोंडात धरून पलंगाशी उभी राहिली की कोण झोपणार!

अडतं ते मोठ्या प्रवासाचं. हंपी, बदामी, ओरछा, नोकरीत असताना "रिटायर झाल्यावर बघू" म्हणून बाजूला ठेवलेली यादी लांबलचक आहे. एकदा चिकूला बोर्डिंगला ठेवून गेलो तर तिनं पाण्याशिवाय कशाला तोंड लावलं नाही, आल्यावर हाताला बरगड्या लागत होत्या. तेव्हापासून माझं धाडस होत नाही. नातेवाईक म्हणतात या वयात कशाला पायात बेडी अडकवून घेता. मला ते अजिबात पटत नाही. ज्यांच्या घरी जनावर आहे आणि तरीही जे फिरतात त्यांनी लिहा, कसं जमवता, कुठं नेता येतं, आणि रोजच्या चालण्याबद्दलही लिहा.

नागपूरहून

ट्रेनचं मी सांगतो, कारण आम्ही आमच्या शेरूला (लॅब्रॅडॉर, चांगला दणकट गडी) नागपूरहून मुंबईला नेतो, मुलगा तिकडे आहे. लोकांना वाटतं रेल्वेत कुत्रं नेताच येत नाही. येतं. पण सोबत बसवायचं तर फर्स्ट एसीच, सेकंड एसी, थर्ड एसी, स्लीपर कशातच नाही. आणि फर्स्ट एसीत पण दोन बर्थचा अख्खा कुपे नाहीतर चार बर्थची अख्खी केबिन तुमच्याकडे पाहिजे. आता गोम अशी की तिकीट काढताना कुपे मिळेल का केबिन ते कळत नाही, चार्ट लागला की कळतं. म्हणून तिकीट निघालं की पीएनआर टाकून रेल्वेच्या कमर्शियल ऑफिसात अर्ज द्यायचा, सोबत कुत्रं आहे, आम्ही नवराबायको दोघंच आहो, कुपे द्यावा. पोच घ्यायची. दोघंच असण्याचा फायदा इथं होतो, दोन बर्थ दोन माणसं, हिशेब जुळतो. नाही जुळला तर कुत्रं ब्रेकव्हॅनमधल्या (गार्डच्या, सामानाच्या डब्यातल्या) डॉगबॉक्समध्ये, आणि माझ्या मते त्यात टाकण्यापेक्षा तिकीट रद्द केलेलं बरं. उन्हाळ्यात तर नाहीच नाही.

गाडीच्या दिवशी बऱ्यापैकी आधी पार्सल ऑफिसात जायचं. तिथं रेबीजच्या इंजेक्शनचं कार्ड आणि डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट दाखवायचं, वजन होतं, पावती फाडतात. ती जपून ठेवा, टीसी मागतो. पहिल्या खेपेला शेरू काट्यावर चढेचना, चारी पाय रोवून उभा. शेवटी आमच्या सौ. स्वतः काट्यावर चढल्या तेव्हा तो मागोमाग चढला, मग त्या हळूच खाली उतरल्या. हमाल लोकं गोळा होऊन बघून राहिले होते, एकानं तर बिस्किटाचा पुडा आणून दिला त्याला. विदर्भ एक्स्प्रेसनं जातो. त्या दिवशी त्याला दुपारी लवकर दहीभात, नंतर नुसतं पाणी. रात्री भुसावळला मी त्याला उतरवून प्लॅटफॉर्मच्या टोकाला नेतो, सौ. दारात उभ्या राहतात. खाली अंथरायला जुनी चादर न्या, घरच्या वासाची, धुतलेली नको. गाडीनं वेग घेतला की जो आडवा होतो तो इगतपुरीपर्यंत उठत नाही.

खर्च आहे, लपवत नाही. २०२० च्या मार्चपासून ज्येष्ठांची सवलत बंद आहे, आधी पुरुषांना ४० टक्के आणि बायकांना ५० टक्के सूट होती. ती परत सुरू व्हायला पाहिजे, अगदी मनापासून वाटतं.

चालायला आम्ही सेमिनरी हिल्सला जातो, उन्हाळ्यात उजाडायच्या आत. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो इथं, डांबर रात्री पण गार होत नाही. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून पाहायची, आपल्याला पाच-सात सेकंद धरवली नाही तर त्याचे पाय भाजणार हे नक्की.

करवीर तालुक्यातून

तुम्ही जनावर म्हणालात म्हणून लिहिते, आमच्याकडं म्हैस आहे. लक्ष्मी. मालक रिटायर झाल्यावर पोरं म्हणाली आता विका, दगदग नको, मालकांनी ऐकलं नाही आणि मलाही विकायची नव्हती. ती माझ्याच हाताला पान्हा सोडते, दुसरं कोण बसलं की पाय झाडते, त्यामुळं आम्हाला मुक्कामी कुठंच जाता येत नाही. पण सकाळची धार आणि संध्याकाळची धार यांच्यामधला दिवस आमचा की! वैरण टाकायची, पाणी दाखवायचं आणि एसटीत बसायचं. मालक पंच्याहत्तरीच्या पुढचे, त्यांना २०२२ पासनं एसटी फुकट आहे, आणि बायकांना २०२३ पासनं अर्धं तिकीट, त्यामुळं खर्चाचं नाव नाही. जोतिबा, पन्हाळा, नृसिंहवाडी सगळं असंच केलंय.

मला सगळ्यात आवडलं ते खिद्रापूर. कोपेश्वराचं देऊळ, कृष्णेच्या काठाला. पुढं स्वर्गमंडप आहे, ४८ खांब आणि छताला मधोमध गोल मोकळं आभाळ. बरोबर खाली गोल दगड आहे, त्यावर उभं राहून वर बघितलं की बोलायचं सुचत नाही. बाहेर खालच्या बाजूला सगळीकडनं हत्ती कोरलेत. आणि महादेवाचं देऊळ असून समोर नंदी नाही, तो पलीकडं कर्नाटकात यडूरला आहे म्हणतात. मालक तिथं एकेक हत्ती बघत बसले आणि माझं सगळं ध्यान घड्याळाकडं, धारेला पोचायचं होतं. पोचलो. लक्ष्मी गोठ्यातनं मान बाहेर काढून वाटेकडंच बघत होती.

चालणं म्हणाल तर वैरणीच्या रानात जाऊन येणं हेच आमचं चालणं.

डोंबिवलीहून

आमच्याकडे दोन बोके. मांजरांचं कुत्र्याच्या अगदी उलट, त्यांना माणसापेक्षा घर सुटलेलं सोसत नाही. म्हणून आम्ही त्यांना कुठेच हलवत नाही, भाचीला घरात राहायला बोलावतो, ती कॉलेजात आहे आणि तिलाही एकटीला घर मिळतं याचा आनंद असतो. ती नसेल तेव्हा आळीपाळीनं जातो. हे मित्रांबरोबर नर्मदा परिक्रमेला गेले, बसनं केली, तेव्हा मी घरी, आणि मी बहिणीबरोबर हंपीला गेले तेव्हा हे घरी. लोकांना विचित्र वाटतं नवराबायको वेगवेगळे फिरायला जातात म्हणून, पण परत आल्यावर सांगायला इतकं असतं की चहा गार होतो.

एक महत्त्वाचं, मांजर खायचं थांबलं तर "रुसलंय, खाईल उद्या" म्हणून वाट बघू नका. एखाद दोन दिवस पोटात काही गेलं नाही तर लिव्हरवर परिणाम व्हायला लागतो, जाड मांजराला तर जास्तच धोका. घरी राहणाऱ्याला हे आधीच बजावून ठेवा आणि डॉक्टरचा नंबर फ्रिजवर लावा.

ठाण्याहून

आम्ही गाडीनं फिरतो त्यामुळे आमची राणी (ही पण गावठीच) सगळीकडे येते. फोन करून आधी विचारायचं, हॉटेलवाले बहुतेक नाही म्हणतात पण कोकणात घरगुती राहायच्या जागा असतात तिथे अंगण असतं आणि माणसं हो म्हणतात. दिवाळीला तर आम्ही ठाण्यात थांबतच नाही, फटाके सुरू झाले की ती बाथरूममध्ये जाऊन थरथरत बसते, बघवत नाही. त्यापेक्षा खेड्यात गेलेलं बरं.

मागे मार्चमध्ये वेळासला गेलो होतो, मंडणगड तालुक्यात, कासवांची पिल्लं बघायला. हरिहरेश्वर करून बागमांडल्याहून फेरीबोटीनं गाडीसकट पलीकडे. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं किनाऱ्यावर अंडी घालतात, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये संरक्षणाचं काम सुरू केलं आणि आता अख्खं गाव त्यात आहे. अंडी जिथे घातली तिथून उचलून कुंपणातल्या वाळूत पुरतात, साधारण पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतात, त्यावर टोपल्या पालथ्या घातलेल्या असतात, सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. आम्ही गेलो तेव्हा टोपलीखाली मूठभर पिल्लं होती, तळहातावर मावतील एवढी, सोडल्यावर वाळूवर वल्ह्यासारखे पाय मारत निघाली, लाट आली की मागे ढकलली जात होती आणि पुन्हा तोंड समुद्राकडेच.

राणीला तिकडे नेलं नाही, ती अंगणात बांधलेली, आणि हे मुद्दाम सांगतोय. कोल्ही आणि कुत्री ही अंडी उकरून खातात, म्हणून तर हा सगळा खटाटोप. तेव्हा कुत्रं असेल तर दोघांनी एकेकानं जायचं, आम्ही तसंच केलं, सकाळी ही गेली, संध्याकाळी मी. आणि कोकणातून आल्यावर कानाच्या आत, पायांच्या बोटांमध्ये गोचीड शोधा. गोचीडतापात प्लेटलेट खाली येतात आणि कुत्रं मलूल पडलं की मगच आपल्याला कळतं. निघायच्या आधीच डॉक्टरकडून गोचिडीचं औषध द्या.

ब्रॅम्प्टन, कॅनडाहून

आम्ही मूळचे साताऱ्याचे, सध्या मुलाकडे. कुत्रा त्याचा, पण तो आणि सून कामावर जातात त्यामुळे खरा आमचाच. इथे आल्या आल्या भाषा, रस्ते सगळंच परकं वाटायचं, पण कुत्रा घेऊन निघालं की येणारा जाणारा थांबतो, त्याचं नाव विचारतो, आणि तसं करत करत दोन घरं सोडून राहणाऱ्या एका पंजाबी आजींशी आमच्या हिची घट्ट मैत्री झाली. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते पंजांना झोंबतं, भेगा पडतात. बूट घाला नाहीतर घरी आल्यावर कोमट पाण्यानं पाय धुवून कोरडे करा. तो मराठीतच ऐकतो, "बस" म्हटलं की बसतो.

नाशिकहून

आमचा मोती गेल्या वर्षी गेला. किडनीचं झालं होतं, शेवटी शेवटी सलाईन घरीच द्यायचो. तो गेल्यावर ह्यांनी गोदापार्कला जाणंच सोडलं, म्हणायचे हातात पट्टा नाही तर हात कुठे ठेवू. मी काही बोलले नाही, बोलण्यासारखं नव्हतंच. मग संस्थेतून एक मोठी कुत्री आणली, सात-आठ वर्षांची असेल. पिल्लू मुद्दाम नाही घेतलं. पिल्लू बारा चौदा वर्षं जगणार, तेव्हा आम्ही कुठे असू? मोठ्या वयाच्या कुत्र्यांना कुणी नेत नाही आणि आपल्याला तीच बरोबर, आपल्याच चालीनं चालतात. आमच्या मागे तिला कोण सांभाळणार हे पुतण्याशी बोलून ठरवलंय आणि कागदावर लिहून ठेवलंय. हे सगळ्यांनी करावं असं मला फार वाटतं.

तळजाईवाली परत

सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत! आम्ही दोघांनी एकत्र बसून वाचलं. नागपूरच्या दादांना विचारायचंय, आमची चिकू परक्या माणसावर गुरगुरते, पार्सल ऑफिसात कसं होईल? आणि तोंडाला जाळी लागते का?

नागपूरहून

ताई, जाळी आणि साखळी दोन्ही सोबत ठेवा, लागो न लागो. जाळीची सवय आत्तापासून करा, आधी रिकाम्या जाळीत खाऊ ठेवून तिला आपणहून तोंड घालू द्यायचं, बांधायची घाई नाही. पार्सलला गर्दी कमी असेल तेव्हा जा, एकानं आत जाऊन कागद दाखवायचे आणि दुसऱ्यानं चिकूला घेऊन बाहेर थांबायचं, वजनापुरतंच आत न्यायचं. आणि पहिला प्रवास रात्रभराचाच करा, लांबचा नको.