मदत हवी आहे: डेबियन लिनक्स सुरू होताना अजूनही अर्धा मिनिट अडकतंय

मंडळी, लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, डेबियन आहे तसंच कॉपी केलं. तरी सुरू व्हायला आधीपेक्षा जास्त वेळ! पडद्यावर 'स्टार्ट जॉब इज रनिंग' आणि पुढे दीड मिनिटाचं घड्याळ. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणती पार्टिशन जोडायची त्या यादीत) जुन्या डिस्कवरच्या स्वॅपचा (रॅम कमी पडली की वापरायच्या जागेचा) यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, होता. ती ओळ बंद केली, दीड मिनिट वाचलं. पण त्याआधीचा काळा पडदा अजून 30 सेकंद तसाच. सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ ब्लेममध्ये (कोणत्या सेवेला किती वेळ लागला ते दाखवणारी कमांड) संशयास्पद काही नाही. नुसतं सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ चालवलं की हा वेळ कर्नलच्या (सिस्टमच्या गाभ्याच्या) नावावर दिसतो. म्हणजे इनिटरॅमएफएस (मुख्य डिस्क जोडण्याआधी चालणारी छोटी सिस्टम) अजून तोच स्वॅप शोधत बसतंय का? रिझ्यूमच्या फाइलीत (हायबरनेटमधून परतताना कोणता स्वॅप वाचायचा ते तिच्यात असतं) 'नन' लिहून अपडेट-इनिटरॅमएफएस चालवलं तर पुरे, की ग्रबमध्येही (लिनक्स सुरू करून देणाऱ्या बूटलोडरमध्येही) काही बदलावं लागेल? हायबरनेट वापरत नाही. रोजच्या कामाचा लॅपटॉप आहे, म्हणून हात घालण्याआधी विचारतोय.