वाफेच्या छोट्या इंजिनाला हायड्रॉलिकचा तक्ता लावू नका

उद्यमबागचा टर्नर
आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) सिलिंडरची कामं कायमची. ओ-रिंग (गळती अडवणारी गोल रबरी कडी) म्हटली की सीलवाल्याचा मापांचा तक्ता काढायचा आणि ग्रूव्ह (रिंग बसायची खाच) मारायचा, ही हाताची सवय. छंद म्हणून वाफेचं इंजिन करणारेही तेच करतात, आणि मग फ्लायव्हील हाताने फिरता फिरत नाही. माझं म्हणणं, तो तक्ता इथे चालत नाही.

20 मिमी बोअर (सिलिंडरचं आतलं भोक), 1 बार वाफ. पिस्टनवर जोर जेमतेम सव्वातीन किलो. त्याच बोअरमध्ये 150 बारचं तेल असेल तर तोच जोर 480 किलोच्या आसपास. तिथे रिंगेचं घर्षण कोण मोजतो? इथे मात्र त्याच्यावरच इंजिन अडतं.

हायड्रॉलिकमध्ये सरकत्या रिंगेला 10 ते 20 टक्के चेप देतात, म्हणजे तिची जाडी तेवढी दाबून बसवतात. मी 5 च्या आसपास ठेवतो. 15 × 2.5 ची (आतला व्यास 15, जाडी 2.5 मिमी) रिंग घ्या, पिस्टनवरच्या ग्रूव्हचा तळ 15.3 व्यासाचा करा. रिंग 2 टक्के ताणली जाते, त्यात तिची जाडी टक्काभर उतरून 2.475 होते. तळापासून बोअरपर्यंत जागा 2.35. राहिली चेप 5 टक्के. रुंदी 3.3 ठेवा. रबर चेपलं तरी त्याचं आकारमान घटत नाही, त्याला बाजूला सरायला जागा लागते.

मच्छेकर क्यूसी
कागदावर बरोबर आहे. खरं रिंगेच्याच जाडीत 0.08 पर्यंत कमीजास्त चालतं की ओ! तुमची चेप म्हणजे सगळी मिळून 0.125 मिमी. पातळ रिंग आली की राहिले 0.045. त्यात घरगुती लेथवरच्या बोअरचा टेपर (एका टोकाला अरुंद, दुसऱ्याला रुंद). एका टोकाला सील, दुसऱ्या टोकाला शिट्टी. मी 10 टक्क्यांच्या खाली येणार नाही.

उद्यमबागचा टर्नर
साहेब, हजार नग काढायचे आहेत का? एक पिस्टन आहे. चार रिंगा आणा, मायक्रोमीटर लावा, हवी ती निवडा. (मायक्रोमीटर हलक्या हाताने, रबर आहे ते.) बोअर होन करून (आतून घासून एकसारखा) घ्या, ते तुमच्या 10 टक्क्यांनाही चुकत नाही.

आणि रिंग नुसत्या चेपेवर सील करत नाही. वाफ ग्रूव्हमध्ये शिरते, रिंगेला पलीकडच्या भिंतीवर आणि बोअरवर दाबते. चेप लागते ती फक्त सुरुवात करून द्यायला.

तापल्यावरचं कुणीच बघत नाही. 3 बारची वाफ म्हणजे 143 अंशांच्या आसपास. व्हायटॉन (रिंगेचं उष्णता सोसणारं रबर) पितळेच्या सातआठ पट फुगतं. ही रिंग जाडीत 0.05 ने वाढते, माझी 5 ची चेप 7 च्या पुढे जाते, तुमची 10 ची 12 वर. कॉम्प्रेसरच्या थंड हवेवर इंजिन पळवून खूष होणाऱ्यांना हे कळायचं कसं?

खानापूरकर
रबराचा हट्ट कशाला? कारखान्यात जन्म गेला माझा, रिंगेऐवजी ग्राफाइटची ग्लँड दोरी (गळती अडवायला ठासायची दोरी) भरायची आणि विसरायचं. बोअर 0.05 इकडेतिकडे असला तरी चालतं. तुमची रिंग एकदा पोर्टाच्या (वाफ आतबाहेर करणाऱ्या भोकाच्या) काठावरून गेली की कातरलीच म्हणून समजा.

उद्यमबागचा टर्नर
पोर्टाचं शंभर टक्के खरं. रिंग पोर्टावर येणार नाही एवढाच स्ट्रोक ठेवायचा, नाहीतर ओ-रिंगचं नाव काढायचं नाही. पण काका, दोरी विसरून कशी चालेल? ठासून भरली तर जड, झिजली की पिस्टन काढून परत भरा.

टिळकवाडीचा नवखा
मधेच विचारतो. दुकानदार म्हणाला ईपीडीएम रबराची रिंग घ्या, वाफेला एक नंबर. घेऊ का?

मच्छेकर क्यूसी
नको. वाफेला चांगलं आहे, खरं आपण सिलिंडरमध्ये स्टीम ऑइल घालतो. खनिज तेलात ईपीडीएम फुगून मऊ पडतं. नायट्राइल रबराला तेल चालतं, एवढी उष्णता नाही. सिलिकॉन घासणीला कच्चं. साधं व्हायटॉनही वाफेत अमर नाही, पण या कामाला तेच बरं.

आणि ग्रूव्ह 15.6 ला थांबवा. चेप 10 टक्के येते. लावून, वाफेवर तापवून बघा. जड गेलं तर 15.3 पर्यंत उतरवता येतं. टर्नरसाहेबांच्या मापाने आधीच 15.3 केलं आणि गळलं, तर पिस्टन भंगारात.

उद्यमबागचा टर्नर
ग्रूव्ह नंतर उतरवणं जमेल, पण पिस्टन रॉडवर बसवून, रॉड कोलेटमध्ये (नेमक्या मध्यावर धरणाऱ्या पकडीत) धरून वळवणार असाल तरच. सुटा पिस्टन दुसऱ्यांदा तीन जबड्याच्या चकमध्ये धरलात तर सेंटर हलणार. 0.05 ने जरी हललं तरी एका बाजूला चेप जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, मग 10 काय आणि 5 काय.