बदलापूर म्हणजे नुसतं झोपायचं ठिकाण?

मांजर्लीकर:
काल एकाने बदलापूरची ओळख करून दिली: "ना धड गाव, ना शहर. सकाळी लोकलमध्ये कोंबून घ्यायचं, रात्री येऊन आडवं व्हायचं. स्वस्त फ्लॅट सोडले तर तिथे आहे काय?" वाचून डोकं फिरलं, म्हणून लिहितोय. १८५६ साली कल्याणहून खोपोलीकडे रेल्वे गेली ती इथूनच. त्याआधी इथे घोडे बदलायचे म्हणून बदलापूर, असं आमचे म्हातारे सांगायचे. उशाला उल्हास नदी आहे. आमच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय. पावसाच्या तोंडावर आदिवासी बायका स्टेशनबाहेर पाट्या घेऊन बसतात, वर ओलं फडकं, बोटं जांभळी झालेली. त्यांच्यासमोर उभं राहून म्हणा, इथे आहे काय!

कात्रपची:
दादा, जांभळाचा हंगाम किती दिवसांचा? बाकीचं वर्ष? मी साडेचारला उठते, दोन डबे भरते, रात्री साडेनऊला दार उघडते. सीएसएमटी ६८ किलोमीटर. माझा मुलगा मला जागेपणी रविवारीच भेटतो. त्या माणसाने टोचेल असं लिहिलं, पण खोटं काय लिहिलं ते सांगा. इथे पोटापुरती नोकरी मिळाली असती तर कशाला गेले असते?

अंबरनाथवाला:
नोकऱ्यांचं आम्हाला विचारा. काडेपेटीचा एवढा मोठा कारखाना होता, बंद पडला. शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा शिलालेख असलेलं शिवमंदिर आहे आमच्याकडे. तरी मुंबईवाले आम्हालाही "कल्याणच्या पुढचे" म्हणूनच ओळखतात. एकट्या बदलापूरवर अन्याय होतोय असं नाही.

पहिली लोकल:
अंबरनाथकरांनी अन्यायावर बोलू नये. सकाळी मुंबईहून येणारी डाऊन गाडी पकडून एक स्टेशन पुढे बदलापूरला येता, उतरत नाही, रिटर्न बसून जाता. आम्ही वीस मिनिटं आधी फलाटावर उभे, गाडी लागते ती भरलेलीच. आमच्या स्टेशनातून सुटणारी गाडी आणि आम्हीच उभे!

अंबरनाथवाला:
माझा पास बदलापूरपासूनचा आहे. पैसे भरतो, फुकट येत नाही. अंबरनाथला तुमची गाडी येते तेव्हा दारात लटकायलाही जागा नसते. माझी कंबर गेलीय, दादरपर्यंत उभा राहू शकत नाही. काय करू, नोकरी सोडू?

पहिली लोकल:
कंबर आमचीही आहे. ग्रुप करून येता, चार सीटवर रुमाल टाकता, तेही पासात बसतं का?

कुळगावची लेक:
रुमालाचं बरोबर आहे, ती दादागिरीच आहे. पण एक सांगते. मला सातवा महिना होता. बदलापूरच्याच दोघी, रोज ओळखीचं हसणाऱ्या, खिडकीबाहेर बघत राहिल्या. उठून जागा दिली ती अंबरनाथहून रिटर्न आलेल्या बाईने. त्या दिवसापासून मी रिटर्नवाल्यांशी भांडत नाही.

पहिली लोकल:
एक बाई चांगली निघाली म्हणून सगळे चांगले होत नाहीत.

कात्रपची:
कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी रेल्वे मार्गिका २०१९ ला मंजूर झाली. त्याचा जाब विचारायचा सोडून आपण एकमेकांच्या मांडीवरची जागा मोजतोय.

हेंद्रेपाडा:
सगळे रिटर्नवर तुटून पडलेत. नदीचं नाव एकाने घेतलं, तेही कौतुकाला. मी तळमजल्यावर राहतो. २६ जुलै २००५ ला तांदळाचा डबा पाण्यावर तरंगताना बघितलाय. २०१९ ला पुन्हा तेच. त्याच पुरात वांगणीच्या बाजूला महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, हजारभर माणसं होड्यांनी काढली. ती सगळ्या देशाने टीव्हीवर बघितली, आमच्या गल्लीतला गाळ कोणी बघितला? २०२१ ला तिसऱ्यांदा. २००१ च्या जनगणनेत हे गाव लाखाच्या आत होतं, २०११ ला पावणेदोन लाख. ती माणसं राहणार कुठे? नदीच्या पोटात भराव टाकून इमारती उठल्या. मांजर्लीकर, अभिमान ठेवा, पण पूररेषेवर कधी बोलणार? तुमचीही मांजर्ली नदीकाठचीच.

मांजर्लीकर:
आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येही पाणी येतं. लिहायचं टाळलं, कारण भाव पडतात. हे मान्य करायला जड जातंय, पण खरं आहे. तरी "तिथे आहे काय" हे मी ऐकून घेणार नाही.

कात्रपची:
नका ऐकून घेऊ. शहर आहे, मानलं. मग शहरासारखं हॉस्पिटल मागा, इथेच काम मागा. नुसती जांभळं नका दाखवू.

हेंद्रेपाडा:
मी फ्लॅट विकायला काढलाय. उद्या एक जोडपं बघायला येतंय, पहिलंच घर आहे त्यांचं. हॉलच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीला गाळाची रेघ उमटलीय. एजंट म्हणतो आज रंग मारून घ्या. डबा आणून ठेवलाय, अजून उघडलेला नाही.