पीच कॉब्लर: खान्देशच्या उन्हाळ्यात घरी कसा करता? अनुभव लिहा

जळगावकर लेक

मंडळी, पीच आले बघा गाड्यांवर. मे सरत आला की हिमाचल-उत्तराखंडचा माल आपल्याकडे उतरतो, फळवाले आडू आडू करून ओरडतात, जुलैपर्यंत चालतं आणि मग वर्षभर नाव नाही. म्हणजे कॉब्लर करायचा तर हेच दिवस, आणि पाऊस येईपर्यंत हेच दिवस आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकलेला. रेसिपी सगळ्या तिकडच्या, त्यात लिहिलेलं असतं की थंडगार बटर मैद्यात चोळा, वाटाण्याएवढे खडे राहू द्या. आता आपल्या ओट्यावर दुपारी बटर काढलं की मैद्याचं भांडं पुढे ओढेपर्यंत ते पातळ, कारण बटर तिशीच्या वर गेलं की सैल पडतंच आणि आपलं स्वयंपाकघर तर चाळिशीत असतं.

ज्यांनी खाल्ला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, अमेरिकेत दक्षिणेकडच्या राज्यांत घरोघरी होतो हा, खाली साखर-लिंबात रस सुटलेले पीच, वर मैदा-बटरचं फुगलेलं खरपूस आवरण, आणि सहसा अंडं नसतं त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच घरांत चालून जातं. दोन पद्धती आहेत. एकीत वरचं पीठ गार बटर चोळून करतात आणि त्याचे गोळे फळावर ठेवतात. दुसरीत बटर आधीच ट्रेमध्ये वितळवायचं, त्यावर पातळसर पीठ ओतायचं, त्यावर पीच, आणि चमचा अजिबात फिरवायचा नाही, पीठ आपोआप फुगून फळाच्या वर येतं.

माझं स्पष्ट मत, खान्देशात उन्हाळ्यात दुसरीच करावी. माझं प्रमाण असं: बटर १०० ग्रॅम (ते खारं असतं म्हणून वेगळं मीठ नाही), मैदा १ कप, साखर पाऊण कप, दूध १ कप, बेकिंग पावडर दीड चमचा, ४-५ पिकलेले पीच, त्यांना आणखी पाव कप साखर, अर्धं लिंबू, चिमूट दालचिनी. १८० डिग्रीला ४५-५० मिनिटं. दूध म्हशीचं असेल तर बटर थोडं कमी चालतं, त्याची साय बरंच काम करते.

तुम्ही कसा केला, कशात केला, काय जमलं, सगळं लिहा. ओव्हन नसलेल्यांनी तर नक्की लिहा.

भुसावळ जंक्शन

ताई, मला पहिली पद्धतच आवडते आणि ती आपल्या गर्मीत होते, फक्त वेळ बदलायची. मी पहाटे पाचला उठून करते, तेव्हा भुसावळमध्ये सुद्धा जरा बरं असतं. रात्रीच मैदा, बेकिंग पावडर, साखर एकत्र करून डब्यात घालून फ्रीजरला, स्टीलची परात पण फ्रीजरला, आणि बटरची वडी फ्रीजरमध्ये दगडासारखी कडक. सकाळी ती वडी सरळ जाड किसणीवर किसायची, मैद्यात काट्याने हलवायची, हात लावायचा नाही कारण हाताची ऊब पुरते तिला. मग गार दूध-दह्याचं मिश्रण, अर्ध्या कपाला थोडं कमी, ओतून जेमतेम गोळा होईल इतकंच. आपलं रोजचं ताक घालू नका, ते फार पातळ असतं, दाटसर दही दुधात घुसळून घ्या.

ते गार खडे ओव्हनमध्ये गेल्यावर त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पदर सुटतात, ती मजा वितळलेल्या बटरमध्ये येत नाही, तो केकच्या जातीचा होतो. मुलांना तो चालतो, मला नाही चालत. गोळे एकाला एक चिकटवून ठेवू नका, मधे फटी हव्यात म्हणजे फळाची वाफ निघते, नाहीतर गोळ्याची खालची बाजू कच्चीच राहते.

रावेर केळीवाला

मी काही बेकिंगवाला नाही, घरात वहिनी करतात, पण पीच मीच आणतो म्हणून लिहितो. आमचा धंदा केळीचा, त्यामुळे फळ पिकवणं थोडंफार कळतं. पीच पण केळीसारखाच, तोडल्यावर पिकतो. पण त्यात एक आहे, तोडल्यावर तो मऊ होतो, वास येतो, गोडी मात्र झाडावर जेवढी आली तेवढीच, पुढे फारशी वाढत नाही. म्हणून घेताना लाल रंगाला भुलू नका, लाली उन्हाची असते. देठाजवळचा रंग बघा, तिथे हिरवट असेल तर सोडा, पिवळा असेल तर घ्या. आणि नाकाला लावा, वास नसेल तर कॉब्लरमध्ये पण येणार नाही.

कडक असतील तर कागदी पिशवीत एक पिकलेलं केळं घालून एक-दोन दिवस ठेवा. केळं इथिलीन सोडतं, आमच्या रायपनिंग चेंबरमध्ये तोच गॅस सोडतात, फक्त तिथे १६-१८ डिग्री राखतात. कार्बाइडची पूड कोणी देत असेल तर हात लावू नका, त्यावर बंदी आहे आणि ती बरोबर आहे.

आणि कडक पीच फ्रीजमध्ये टाकू नका. गर्मी आहे म्हणून सगळे तेच करतात. न पिकलेला पीच फ्रीजच्या गारव्यात राहिला की आतून पिठूळ होतो, रस जातो, मग कितीही साखर घाला तो परत येत नाही. आधी बाहेर पिकू द्या, मग फ्रीज.

चोपड्याची सून

आमच्याकडे ओव्हन नाही, कुकरमध्ये होतो, आणि छान होतो. जुना मोठा कुकर त्यासाठीच ठेवलाय कारण कोरडा तापवून तो काळवंडतो, रोजचा वापरू नका. तळाला दोन वाट्या जाड मीठ, त्यावर रिंग, शिट्टी काढलेली, झाकणाचं रबर काढलेलं, दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवायचा. मग ॲल्युमिनियमच्या डब्यात ताईंच्या दुसऱ्या पद्धतीने सगळं घालून आत, आणि गॅस एकदम बारीक, पाऊण ते एक तास.

फक्त कुकरमध्ये आच खालून असते, वरून रंग येत नाही, पांढराफटक दिसतो. त्यावर आमच्या सासूबाईंनी उपाय काढला. भाकरीचा लोखंडी तवा दुसऱ्या शेगडीवर खूप तापवायचा, डबा बाहेर काढायचा आणि तवा पालथा त्याच्यावर धरून ठेवायचा, डब्याच्या कडांवर टेकवला तरी चालतो पण पिठाला लागू द्यायचा नाही. चार-पाच मिनिटांत वरची साखर तांबूस होते, कडा कुरकुरीत होतात. घरभर जो वास सुटतो ना, शेजारच्या काकू विचारत येतात. सासूबाईंनी पहिल्यांदा बघून विचारलं होतं, “हाई काय शे वं माय?” (हे काय आहे गं बाई?) आणि आता आख्खाजीला (अक्षय्य तृतीयेला) नणंदा माहेरी आल्या की त्यांना गाडीवर आडू दिसतात का ते आधी बघायला लावतात. आख्खाजीपर्यंत बहुतेक आलेले नसतात, मग आंब्याचा करतो, त्याला लिंबू जास्त घालावं लागतं.

धुळेकर वायरमन

ओटीजीवाल्यांसाठी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन असलेल्यांसाठी, एक सांगतो, कारण आमच्या घरी दर उन्हाळ्यात हाच वाद. रेसिपीत ४५ मिनिटं लिहिलं म्हणून ४५ ला काढलं आणि मधला भाग कच्चा, असं झालं की सगळे रेसिपीला दोष देतात. भाऊ, व्होल्टेज बघा. दुपारी गल्लीतले सगळे कूलर-एसी चालू, आपल्याकडे २३० च्या जागी १८० सुद्धा येतात. रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते, म्हणजे १८० ला १५०० वॅटचा ओटीजी फक्त ९०० च्या आसपास काम करतो. काटा १९० डिग्रीवर असला तरी आत तेवढं असेलच असं नाही.

दोन गोष्टी करा. एक, आत ठेवायचं थर्मामीटर घ्या, महाग नसतं. दोन, रात्री अकरानंतर किंवा पहाटे लावा, कूलर चालू असले तरी बाकीचा लोड उतरलेला असतो. दोन्ही रॉड चालू, वीस मिनिटं रिकामा तापवा, आणि काच उघडून सारखं डोकावू नका.

जळगावकर लेक

दादा, हे फार कामाचं. आणि झाला की नाही हे घड्याळावर ठरवूच नये. मधोमध रस बुडबुडतोय का ते बघायचं, कडेला नाही, मधोमध. कॉर्नफ्लॉर घातलं असेल तर ते उकळीच्या जवळ गेल्याशिवाय दाट होत नाही, कडेचा रस दाट आणि मधला पाणी असं होतं ते त्यामुळेच. आणि काढल्यावर अर्धा तास हात लावू नका, गार होताना रस बसतो. वर फार लाल होत असेल तर फॉइल झाका आणि आत राहू द्या.

अमळनेर

आमच्याकडे अजून भट्टीची बेकरी आहे, दिवाळीआधी नानकटाईचे ट्रे घेऊन सगळं गाव तिथे लाइनीत असतं. उन्हाळ्यात मी कॉब्लरचा ट्रे पण तिथेच नेते. घरी पीठ आणि फळ वेगवेगळे डबे भरून नेते, ट्रेमध्ये तिथेच मांडते कारण आधी मांडलं तर रस वर चढतो आणि पीठ चिकट होतं.

बेकरीवाले चाचा अनुभवी. पाव काढल्यानंतर लगेच ठेवू देत नाहीत, म्हणतात साखर आहे यात, जळेल. आधी मूठभर पीठ भट्टीत टाकून बघतात, लगेच काळं झालं तर थांबायचं, हळूहळू तांबूस झालं तर ट्रे आत. तोही मागे नाही, तोंडाजवळ, आणि मधे एकदा लांब फळीने फिरवतात. विटांची आच सगळीकडून सारखी लागते म्हणून गोळ्यांची खालची बाजू सुद्धा कोरडी होते, घरच्या ओव्हनला असा मला कधी मिळाला नाही. ज्यांच्या गावात भट्टी आहे त्यांनी विचारून बघा, नाही म्हणत नाहीत.

शिरपूर ते अटलांटा

नमस्कार मंडळी, माहेर शिरपूर, सध्या जॉर्जियात. इथे पीच मे ते ऑगस्ट. सुरुवातीचा पीच बियेला चिकटलेला असतो, कापताना फळ वाया जातं, साधारण जूनच्या मध्यानंतर बी सुटी होणारा येतो, कॉब्लरला इथले लोक त्याचीच वाट बघतात. आपल्याकडे घेताना विक्रेत्याला एक कापून दाखवायला सांगा, बी सहज निघाली तर किलोभर जास्त घ्या. साल काढायला खाली फुलीचा काप देऊन उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट, मग बर्फाच्या पाण्यात, बोटानेच सुटते. बिया फोडून आतला गर मुलांना खाऊ देऊ नका, त्यातून सायनाइड तयार होतं.

शेजारच्या आजींनी मला परसात जाड लोखंडी भांड्यात करायला शिकवला, खाली निखारे आणि खोलगट झाकणावर पण निखारे, वर जास्त खाली कमी, कारण खाली साखर लागते. मला बघताक्षणी आपली शेतातली बट्टी आठवली, गोवऱ्यांच्या आरात भाजलेली. पुढच्या वेळी शिरपूरला आले तेव्हा मळ्यात वडिलांनी गोवऱ्या पेटवून दिल्या, धूर पूर्ण जाऊ दिला, नुसता लाल आर राहिला तेव्हा भांडं ठेवलं. धूर असताना ठेवलं तर फळाला वास लागतो. वरण-बट्टीचं जेवण आणि नंतर त्याच आरावरचा कॉब्लर, वडील दोनदा मागून जेवले, आणि त्यांना गोड फारसं आवडत नाही.

जायफळ घालत नसाल तर किंचित घाला, आजी दालचिनीपेक्षा तेच घालायच्या.

पाचोरा

सगळं वाचून तोंडाला पाणी सुटलं. आमच्याकडे ताजे पीच येतच नाहीत, डब्यातले घेतले तर चालेल का?

भुसावळ जंक्शन

चालेल वहिनी. पाक पूर्ण निथळून घ्या, चाळणीत अर्धा तास, आणि फळातली साखर निम्म्यावर आणा कारण ते आधीच पाकात मुरलेले असतात. लिंबू मात्र वाढवा, डब्यातल्या फळाला आंबटपणा कमी असतो. उरलेला पाक टाकू नका, आटवून वरून घालायला होतो. ते शिजलेलेच असतात म्हणून आधी गरम करत बसू नका, फार मऊ पडतात.

नंदुरबार

एक राहिलं, उरलेल्याचं काय करता? आमच्याकडे उरतो कारण मी मोठा ट्रे करते. उन्हाळ्यात रात्रभर बाहेर अजिबात ठेवत नाही, फळाचा रस आंबतो, पूर्ण गार झाला की फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी वरचा भाग ओलसर झालेला असतो, तो मायक्रोवेव्हमध्ये गरम केला तर रबरासारखा होतो. ओटीजीला १६० डिग्रीवर दहा-बारा मिनिटं, झाकण न लावता, की परत कुरकुरीत. आम्ही सकाळी वर घट्ट साय घालून खातो, आइस्क्रीमपेक्षा ती जास्त छान लागते, फक्त साय बिनसाखरेची ठेवा.